चार फुटी रीफ टँकचा सम्प: आधी लाईट गेल्यावरचं गणित, मग फिल्टर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर ४ बाय २ बाय २ फुटाचा रीफ टँक (जिवंत प्रवाळ, म्हणजे कोरल ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक), १२ एमएम काच, मागच्या बाजूला ओव्हरफ्लो बॉक्स (काठावरून सांडणारं पाणी झेलणारा कप्पा) आणि त्यात दोन भोकं पाडून आलीत, सुतार स्टँड सुरू करायच्या बेतात आहे, आणि दुकानदाराने खाली २ बाय १ बाय १ फुटाचा सम्प (टँकचं पाणी उतरून गाळलं जातं ती टाकी), बायोबॉल (बॅक्टेरिया वाढायला ठेवतात ते प्लास्टिकचे गोळे) भरलेले तीन कप्पे आणि तासाला ५००० लिटरचा पंप सुचवलाय, तर एवढं पुरेल का की सोबत कॅनिस्टर (बंद डब्यातला फिल्टर) पण घेऊ. कॅनिस्टर नको, बायोबॉल नकोत, २ फुटी सम्प तर अजिबातच नको, आणि सुताराला आजच्या आज थांबवा कारण स्टँडची मापं सम्पवरून काढायची असतात, उलटं केलं की मग स्टँडमधे जे मावेल ते घ्यावं लागतं.

सम्प म्हटलं की सगळे आधी मीडिया (फिल्टरमधे भरायचं सामान) कुठला, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) कुठला तेच विचारतात. मी आधी एकच विचारतो, लाईट गेल्यावर वरचं किती पाणी खाली येणार आणि ते मावणार कुठे. तुमच्या टँकचं गणित करून बघू. वरून टँक साधारण १२२ बाय ६१ सेंटीमीटर, म्हणजे पाण्याची पातळी एक सेंटीमीटर खाली गेली की जवळजवळ साडेसात लिटर पाणी खाली. पंप चालू असताना ओव्हरफ्लोच्या दातांवरून पाणी वाहत असतं ते सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर उंच असतं, तेवढं तर उतरणारच. त्यात रिटर्नचं, म्हणजे पंपाचं पाणी वर परत आणणाऱ्या पाईपचं, नोझल पाण्याखाली चार सेंटीमीटर असेल तर पंप बंद पडल्या पडल्या तोच पाईप उलटा सायफन होतो आणि नोझल उघडं पडेपर्यंत पाणी ओढत राहतो, म्हणजे एकूण तीस लिटर. वर ओव्हरफ्लो बॉक्समधलं सात-आठ लिटर, पाईपमधलं दोनेक लिटर. चाळीस धरा. दुकानदाराचा सम्प काठोकाठ भरला तरी ५७ लिटरचा, अर्धा भरून चालवला तर वर मोकळी जागा २८ लिटर, म्हणजे प्रत्येक वेळी लाईट गेली की दहा-बारा लिटर खारं पाणी हॉलच्या फरशीवर. आणि नोझल कोणी १५ सेंटीमीटर खोल लावलं असेल तर शंभरच्या वर लिटर खाली येणार, त्याला कुठलाच सम्प पुरत नाही.

म्हणून माझा सल्ला ३ बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे ९१ बाय ४६ बाय ४६ सेंटीमीटर, ८ एमएम काच. यात एका सेंटीमीटरला सव्वाचार लिटरच्या आसपास पाणी बसतं. चालू असताना २३-२४ सेंटीमीटर पाणी ठेवलं की वर काठापर्यंत ऐंशीएक लिटर मोकळे, म्हणजे चाळीसच्या दुप्पट. ही जागा वाया जाते असं वाटून तिथे काही कोंबायचा मोह होतो, तसं करू नका, तुमचा इन्शुरन्स तोच आहे. शिवाय खालचे ९०-९५ लिटर हे एकूण पाण्यात वाढ करतात, पाणी जितकं जास्त तितकं तापमान आणि क्षार हळू हलतात, रीफमधे याची किंमत फार मोठी आहे.

आता सुताराला सांगायच्या गोष्टी. समोर मधे पाय नको, नाहीतर तीन फुटी सम्प आत जाणारच नाही. आतली मोकळी उंची किमान ७० सेंटीमीटर, कारण स्किमर पन्नासेक सेंटीमीटर उंच असतो आणि त्याचा कप वर उचलून काढायला अजून पंधरा-वीस लागतात, कप निघत नाही म्हणून तो न धुणारे लोक मी भरपूर बघितलेत. स्टँडची लोखंडी ट्यूब पावडर कोटेड घ्या, प्लाय घेणार असाल तर मरीन प्लाय आणि कापलेल्या कडा सुद्धा सील करून घ्या, खाऱ्या दमट हवेत साधा प्लाय दोन पावसाळे काढत नाही. पाठीमागे हवा खेळायला जागा आणि एक छोटा एक्झॉस्ट फॅन. सगळं मिळून वजन सातशे किलोच्या वर जाईल आणि ते पाऊण चौरस मीटरपेक्षा कमी जागेवर. घराचे स्लॅब आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे साधारण चौरस मीटरला २०० किलो लाइव्ह लोड (माणसं-सामानाचं वजन) धरून डिझाइन करतात, पूर्ण खोलीवर पसरलेला लोड आणि एका कोपऱ्यातला लोड यात फरक असतो हे खरं, तरी टँक बीमवर येणाऱ्या भिंतीला लागून ठेवा, खोलीच्या मधोमध नको, आणि बिल्डिंग जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनियरला एकदा दाखवा.

मग पाईप. तुमच्या बॉक्समधे दोन भोकं आहेत, दुकानदार एक ड्रेन आणि एक रिटर्न असं करून देईल, सगळीकडे तसंच करतात. मी दोन्ही भोकं ड्रेनसाठी वापरायला सांगेन, रिटर्न मागच्या काचेवरून वरून आणा. याला हर्बी ओव्हरफ्लो म्हणतात. एक पाईप पूर्ण सायफनवर, म्हणजे त्यात हवा नाहीच, फक्त पाणी, त्याचं तोंड बॉक्समधे पाण्याच्या बरंच खाली आणि प्रवाह गेट वॉल्व्हने थोडा आवळलेला. दुसरा पाईप उंच, तो एरवी कोरडा, पहिल्यात गोगलगाय किंवा शेवाळाचा गोळा अडकला की बॉक्समधलं पाणी चढतं आणि दुसऱ्यातून उतरतं. एकच ड्रेन असेल आणि तो तुंबला तर पंप वरचा टँक भरत राहतो आणि पाणी काचेवरून ओसंडतं, बघणारं घरात कोणी नसतं. फायदा अजून एक, सायफन पाईपला गळगळ आवाज जवळजवळ नाही, हॉलमधे टँक असला की घरच्यांसाठी हे फार महत्त्वाचं. सायफनच्या पाईपचं खालचं टोक सम्पच्या पाण्यात फक्त दोन-तीन सेंटीमीटर बुडवा, जास्त खोल बुडवलंत तर लाईट परत आल्यावर पाईपमधली हवा बाहेर पडत नाही आणि सायफन लागायला वेळ लागतो. इमर्जन्सीचं टोक मात्र पाण्याच्या वर सोडा, त्यातून पाणी पडायला लागलं की आवाजाने लगेच कळतं.

गेट वॉल्व्हबद्दल थोडं थांबून सांगतो. बॉल वॉल्व्हने सायफन बारीक ट्यून होत नाही, केसभर फिरवला की प्रवाह भलताच बदलतो, म्हणून गेट वॉल्व्हच. पण हार्डवेअरच्या दुकानात गेट वॉल्व्ह मागितला की हमखास पितळी हातात देतात. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, खाऱ्या पाण्यात ते हळूहळू सुटतं, आणि तांबं कोरल, श्रिंप, गोगलगाय सगळ्यांना विष आहे, माशांच्या रोगावर कॉपरचं औषध वेगळ्या टँकमधे देतात ते याच कारणाने. तेव्हा वॉल्व्ह यूपीव्हीसीचाच, नसेल मिळत तर ऑनलाईन मागवा, थांबावं लागलं तरी चालेल. टँक निप्पल, युनियन, क्लॅम्प, कुठेही पितळ किंवा गंजणारं लोखंड पाण्याला लागता कामा नये. दोन्ही ड्रेनवर आणि पंपाजवळ युनियन टाका म्हणजे पुढे खोलता येतं. सिलिकॉन बाथरूमचं अँटी-फंगल नको, साधं अ‍ॅसिटिक क्युअर, आणि आठवडाभर वाळू द्या.

रिटर्न पाईपला चेक वॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) लावू का असं पण विचारलंय. लावा हवं तर, पण त्याच्या भरवशावर राहू नका, त्याच्या झडपेत कॅल्शियम आणि बारीक नळीवाले किडे बसतात आणि नेमकं पाहिजे तेव्हा ती पूर्ण बंद होत नाही. नोझल पाण्याच्या पृष्ठभागाखाली एक-दोन सेंटीमीटर ठेवणं हाच खरा उपाय. सायफन तोडायला पाईपला बारीक भोक पाडतात ते ठीक आहे, पण त्यात शेवाळ भरतं, दर आठवड्याला काडीने साफ करायची तयारी असेल तरच त्यावर विसंबा.

पंप ५००० चा लागत नाही. सम्पमधून तासाला एकूण पाण्याच्या चार-पाच पट फिरलं की झालं, म्हणजे तुमच्याकडे १८०० ते २२०० लिटर. कोरलला जो जोरदार प्रवाह लागतो तो वेव्हमेकरने (आत बसवून पाणी ढवळणारा छोटा पंप) टँकमधे द्यायचा, सम्पमधून नाही, सम्पमधून नुसतं पाणी पळवलं की बुडबुडे, आवाज आणि बिल वाढतं. डब्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो हे लक्षात घ्या, सव्वा-दीड मीटर चढवलं की बऱ्याच पंपांचं निम्मं होतं, म्हणून ३५००-४००० लिखित डीसी पंप घ्या, त्याचा स्पीड कमी-जास्त करता येतो.

आता आतले कप्पे. माझी मांडणी अगदी साधी आहे. पहिला ४० सेंटीमीटरचा कप्पा, त्यात वर कोपऱ्यात फिल्टर सॉक (गाळ अडवणारी कापडी पिशवी) आणि बाकी जागेत स्किमर. मग काच २३ सेंटीमीटर उंच, तिच्यावरून पाणी पुढे सांडतं त्यामुळे स्किमरच्या कप्प्यातली पातळी कधीच बदलत नाही, स्किमर नीट चालायचं निम्मं श्रेय या एका काचेला आहे. तुमच्या स्किमरला किती खोल पाणी लागतं ते त्याच्या कागदावर बघून ही उंची दोन-तीन सेंटीमीटर इकडे तिकडे करा, म्हणजे स्किमर आधी ठरवा आणि सम्प नंतर चिकटवा. पुढे पंचवीसेक सेंटीमीटरचं रेफ्युजियम (शेवाळ वाढवायचा कप्पा), मग बुडबुडे अडवायला वर-खाली काचांची जोडी, मधे किमान ४ सेंटीमीटर फट, आणि शेवटी वीस-बावीस सेंटीमीटरचा रिटर्न कप्पा. दुकानातले रेडिमेड सम्प पाच-सहा कप्पे करून देतात, दिसायला भारी, पण हात आत जात नाही आणि प्रत्येक कोपऱ्यात गाळ साचतो.

बायोबॉल वाईट नाहीत, ते त्यांचं काम फार चांगलं करतात, तिथेच अडचण आहे. हवा आणि पाणी भरपूर मिळालं की बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट झपाट्याने करतात, पण पुढे नायट्रेटचा नायट्रोजन वायू करणारे बॅक्टेरिया ऑक्सिजन नसलेल्या जागेतच काम करतात आणि बायोबॉलमधे तशी जागाच नसते. वर त्यांच्यात गाळ अडकतो आणि तिथेच कुजतो. १९८० च्या दशकात घरगुती रीफ टँक लोकप्रिय झाले ते अशाच वेट-ड्राय फिल्टरवर, नंतर बर्लिनच्या हौशी लोकांनी दाखवलं की सच्छिद्र दगड, जोरदार स्किमर आणि चांगला प्रवाह एवढ्यावर रीफ जास्त चांगलं चालतं, आणि आज जगभर बहुतेकांची पद्धत मूळ तीच. दगडाच्या आत खोलवर ऑक्सिजन पोचत नाही, तिथे नायट्रेट मोडतं. तुमच्यासाठी ३५-४० किलो सच्छिद्र ड्राय रॉक वर, आणि वाटलंच तर रेफ्युजियममधे सिरॅमिक ब्लॉकचे दोन-चार तुकडे. कॅनिस्टरचा मुद्दा पण इथेच संपतो, बंद डब्यात गाळ साठतो, उघडायचा कंटाळा येतो, आणि नायट्रेट वाढतं.

सॉक २०० मायक्रॉनचे, सात-आठ आणून ठेवा, दर तीन-चार दिवसांनी बदला. साबण न वापरता धुवा. बदलणं जमणार नसेल तर सॉक लावूच नका, दोन आठवडे तसाच राहिलेला सॉक न लावण्यापेक्षा वाईट.

स्किमरवर मात्र पैसे वाचवू नका. पावसाळ्यात किनाऱ्यावर लाटांबरोबर पिवळट फेस येऊन साचतो ना, तीच प्रक्रिया डब्यात करायची असते. प्रथिनं, चरबी असले पदार्थ हवा आणि पाण्याच्या सीमेवर चिकटतात, म्हणून अतिशय बारीक बुडबुडे केले की ते फेसाबरोबर वर कपात जातात, कुजून अमोनिया व्हायच्या आधीच पाण्याबाहेर. सोबत पाण्यात ऑक्सिजन भरतो. नवीन स्किमर पहिला आठवडा-दोन आठवडे वेड्यासारखा फेस काढतो किंवा काहीच काढत नाही, रोज स्क्रू फिरवत बसू नका, त्याला रुळू द्या. एसी लावून खिडक्या बंद असलेल्या खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि टँकचा पीएच खाली राहतो, अशा वेळी स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढली की बऱ्याच घरात पीएच नुसत्या तेवढ्याने सुधारतो.

रेफ्युजियममधे कीटोमॉर्फा शेवाळ, वर एक स्वस्त एलईडी, आणि ती रात्री चालू ठेवा, टँकचे दिवे बंद असतात तेव्हा, म्हणजे रात्री पीएच घसरतो तो थोडा सावरतो. शेवाळ नायट्रेट-फॉस्फेट खाऊन वाढतं, मूठभर काढून टाकलं की ते टँकबाहेर. पण दोन्ही शून्यावर आणायच्या मागे लागू नका, कोरलनाही थोडं लागतं, आणि अगदी शून्य झालं की डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्मजीवांचा तपकिरी चिकट थर येतो, तो घालवणं साध्या शेवाळापेक्षा कितीतरी अवघड. नायट्रेट २ ते १० पीपीएम (दहा लाखात इतके भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मधे असलं की मी निश्चिंत असतो.

बाष्पीभवन फक्त रिटर्न कप्प्यात दिसतं, हे नीट समजून घ्या. बाकी कप्पे आणि टँक कायम भरलेलेच राहतात. तुमच्या टँकमधून दिवसाला ४ ते ८ लिटर पाणी उडेल, पंखा लावलात तर उन्हाळ्यात अजून, आणि रिटर्न कप्प्यात एका सेंटीमीटरला लिटरभरच पाणी, म्हणजे एका दिवसात पातळी पाच-सहा सेंटीमीटर खाली आणि दुसऱ्या दिवशी पंप हवा ओढणार. म्हणून ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारी सोय) पहिल्या दिवसापासून, त्यात फक्त गोडं आरओ पाणी, मीठ उडून जात नाही. त्याची टाकी मात्र २५ लिटरच्या वर नको. सेन्सर अडकला आणि सगळं पाणी एकदम आलं तरी २५ लिटरने क्षार ३५ वरून ३३ च्या आसपास येतो आणि सम्पमधे ते मावतं, कोरल रुसतील पण मरणार नाहीत. शंभर लिटरचा ड्रम जोडलात तर दोन्ही बाजूंनी गेलात.

पाण्याबद्दल आपल्याकडची एक खास गोष्ट. घरचा पिण्याचा आरओ आहे, तोच वापरू का, असं जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. त्यात बहुतेक वेळा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो जो चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो, काहींमधे मिनरल कार्ट्रिज, आणि हल्ली तर कॉपरवाले आरओ आलेत जे मुद्दाम तांबं सोडतात. ते माणसासाठी, रीफसाठी नाही. वेगळा छोटा आरओ घ्या, पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची) नळी, आणि मीटरवर ० टीडीएस दिसलं की तेच पाणी मिठासाठी आणि टॉप-ऑफसाठी. समुद्राचं पाणी गाडीत भरून आणायची कल्पना पण लोक विचारतात, मुंबई-ठाण्याच्या खाडीजवळचं पाणी तर नकोच, आणि पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी गढूळ आणि गोडसर होतं. चांगलं रीफ सॉल्ट, विशिष्ट गुरुत्व १.०२५-१.०२६, ते मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर कॅलिब्रेट करून.

तापमान २५ ते २७. पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर मारला की दोन-तीन डिग्री उतरतात, पण ते कोरड्या हवेत, पुण्या-नाशकात, ठाण्याच्या दमट मे महिन्यात तेवढं मिळत नाही, त्यामुळे चिलरचं बजेट आत्ताच धरा. चिलर कॅबिनेटच्या आत ठेवू नका, तो गरम हवा फेकतो आणि तीच परत ओढतो.

लाईट गेली की पहिला धोका ऑक्सिजनचा असतो, घाणीचा नाही. इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर घ्या, टँकमधलं पाणी हलत राहिलं की मासे तास-तास तग धरतात. रिटर्न पंप आणि चिलर बॅकअपवर नसले तरी चालतं. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच, स्क्वेअर वेव्हवर एसी मोटरचे पंप गरम होतात आणि घरघरतात. बोर्डला ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), अ‍ॅडाप्टर सगळे उंचावर भिंतीला, आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबून मग वर गेली पाहिजे म्हणजे वायरवरून येणारा थेंब सॉकेटमधे जाणार नाही. यात काटकसर नको, खारं पाणी आणि वीज एकाच कपाटात आहेत.

सगळं जोडून झालं की मिठाचं पाणी भरायच्या आधी फक्त चाचणीसाठी साध्या नळाच्या पाण्याने भरा, पंप तासभर चालू द्या, आणि मेन स्विच बंद करा. पाणी किती चढतं ते बघा, सम्पवर तिथे टेप लावा. परत चालू, परत बंद. मग सायफन पाईपच्या तोंडावर हात ठेवून तो तुंबवा आणि इमर्जन्सी एकटा पूर्ण प्रवाह घेतो का ते बघा, न घेतल्यास पंप कमी करा. हे झाल्यावर चालू स्थितीतली कमाल रेषा सम्पच्या काचेवर पर्मनंट मार्करने आखा, त्याच्या वर कधीही पाणी भरायचं नाही हे घरातल्या सगळ्यांना सांगा.

मग सायकल, म्हणजे मासे टाकायच्या आधी टँकमधे बॅक्टेरिया वाढवणं. अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर, पण कल्हईवाल्याचा नाही, लॅब ग्रेड, साडेचारशे लिटरला पावणेतीन-तीन ग्रॅम टाकलं की अमोनिया २ पीपीएमच्या आसपास येतो, सोबत बाटलीतले बॅक्टेरिया. चार-सहा आठवडे धरा. टाकलेला अमोनिया २४ तासात शून्य झाला, नायट्राइटही गेलं, की आधी गोगलगायी आणि एक-दोन मासे. कोरल अजून महिना-दोन महिन्यांनी, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषायची क्षमता, डीकेएच या एककात मोजतात) ८-९ डीकेएचवर आठवडाभर स्थिर दिसली की. आणि एक कळकळीची विनंती, मालवण, लक्षद्वीप, अंदमान कुठूनही दगड किंवा प्रवाळाचा तुकडा उचलून आणू नका, कोणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका. आपले दगडी प्रवाळ, सी फॅन, समुद्री घोडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, मेलेला तुकडा बाळगणं सुद्धा गुन्हा होतो, आणि कायदा बाजूला ठेवला तरी तिथलं रीफ आधीच गरम पाण्याने ब्लीच होतंय. काय घेताय ते कुठून आलंय हे विचारा, बिल मागा, फ्रॅग म्हणजे टँकमधे वाढवलेले तुकडे मिळत असतील तर तेच घ्या.

देखभालीत पंप विसरला जातो. दर तीन-चार महिन्यांनी रिटर्न पंप, स्किमरचा पंप आणि वेव्हमेकर काढून अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी यात दोन तास बुडवा, इम्पेलरवरचा पांढरा थर निघून जातो आणि आवाजही कमी होतो. आणि एक साधा, स्वस्त, त्याच फिटिंगचा जादा पंप कॅबिनेटमधे कायम पडलेला असू द्या, पंप जातात ते रविवारी रात्रीच.